अबॅकसला 'मोजयंत्र' म्हणू नका

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत अबॅकसवर पानभर आलं होतं, त्यात मराठी शब्द म्हणून 'मोजयंत्र' छापलंय, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहायलोय. लातुरात आता गल्लोगल्ली अबॅकसचे, म्हणजे मणी सरकवून हिशोब करायच्या चौकटीचे, क्लास झालेत, माझी नातही जाते, घरी आली की हवेतच बोटं नाचवती आणि उत्तर सांगून मोकळी. कौतुकच आहे.

पण फी भरताना काउंटरवरच्या पोराला सहज विचारलं, अबॅकस म्हणजे काय रे? तर म्हणला, काका जपानी शब्दय. अरे बाबा, जपानी माणूस त्याला सोरोबान म्हणतो! अबॅकस लॅटिन शब्द, तो आला ग्रीकमधून, तिथं अर्थ पाटी किंवा फळी. बरेच जाणकार तर त्याची नाळ धूळ या अर्थाच्या हिब्रू शब्दाशी जोडतात, कारण फळीवर धूळ पसरायची, बोटानं आकडे काढायचे आणि पुसायचे. म्हणजे आपली धूळपाटीच की! माझे आजोबा निजामाच्या काळात धुळीवरच अक्षरं गिरवायला शिकले, आणि संस्कृतात तर अंकगणिताचं नावच पाटीगणित, धूलिकर्मही म्हणायचे. खडे मांडून पण हिशोब व्हायचा, लॅटिनमध्ये बारक्या खड्याला कॅल्क्युलस म्हणतात, खिशातला कॅल्क्युलेटर त्याच घराण्यातला.

नातीच्या चौकटीत, म्हणजे जपानी सोरोबानात, दर काडीला आडव्या पट्टीच्या वर एक मणी, तो पाचाचा, खाली चार मणी एकेकाचे. चिन्यांच्या अबॅकसला, म्हणजे सुआनपानला, वर दोन, खाली पाच. आमच्या दगडी पाटीच्या चौकटीतही तारेत ओवलेले रंगीत मणी असायचे, तारेला दहा, पाचाचा मणी वगैरे भानगड नाही, त्यामुळं त्यावर फास्ट बेरीज काही जमायची नाही, आणि खरं सांगू का, आम्ही ते मणी काढून खेळायचो अन् मार खायचो. जपान्यांचं मात्र मानावं लागतं, १९४६ साली टोकियोत सोरोबानवाला आणि विजेच्या कॅल्क्युलेटरवाला अमेरिकन सैनिक यांची शर्यत लागली, सोरोबानवाल्यानं ४-१ नं हरवलं.

मी चाळीस वर्षं आडतीवर मुनीमकी केली. हमाल माप टाकताना एक म्हणायचा नाही, 'लाभ' म्हणायचा, मग दोन, तीन. आमचं सगळं पावकी-निमकी, सवायकी-दिडकीवर, म्हणजे पाव, अर्धा, सव्वा, दीडच्या पाढ्यांवर चालायचं. नात चार आकडी बेरजा फटाफट करती पण सव्वा किलो तुरीच्या डाळीचे किती झाले विचारलं की मोबाईल काढती, ते असो, तो वेगळा विषय.

मुद्दा शब्दाचा. अबॅकस लिहायचं तर लिहा, सगळ्यांना कळतंय, मराठीच पाहिजे असेल तर मणीपाटी लिहा, पाटी हा अर्थ मूळ शब्दातच आहे. मोजयंत्र म्हणलं की आमच्या डोळ्यापुढं पेट्रोल पंपाचं मीटर येतं.

— एक रिटायर मुनीम, लातूर