पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर घरी अँटिबायोटिक कशासाठी?

संपादक महोदय,

अमळनेरला माझं औषधांचं दुकान आहे. जळगाव-धुळ्याला दुर्बिणीतून पित्ताशय काढून आलेले रुग्ण डिस्चार्ज कार्ड घेऊन येतात. खडे होते, सूज किंवा पू काही नव्हता, ऑपरेशन ठरवून झालं आणि लगेच घरीही सोडलं. तरीही कार्डावर दुखण्याच्या गोळीखाली पाच-सात दिवसांचं अँटिबायोटिक, म्हणजे सेफिक्झाईम नाहीतर अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड, बहुतेक वेळा असतंच.

ऑपरेशन संपल्यावर केवळ खबरदारी म्हणून अँटिबायोटिक चालू ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्येच स्पष्ट सांगितलं आहे. त्याआधी, २०१४ मध्ये, फ्रान्समधल्या सर्जनांनी ४१४ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या पित्ताशयाला तर सूज आलेली होती. ऑपरेशननंतर पाच दिवस अँटिबायोटिक घेतलेल्यांपैकी १५ टक्क्यांना संसर्ग झाला, न घेतलेल्यांपैकी १७ टक्क्यांना. म्हणण्यासारखा फरक नाही. सुजलेल्या पित्ताशयाची ही गत, तर साध्या खड्यांच्या रुग्णाला त्या गोळ्यांनी काय मिळणार? जुलाब, मळमळ, अंगावर पुरळ आणि वाढीव बिल मात्र मिळू शकतं. पोटातले जंतूही त्या औषधाला सरावतात, आणि पुढे खरोखरच गरज पडते तेव्हा तेच औषध लागू पडत नाही. मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते.

ऑपरेशनच्या आधी अँटिबायोटिकचं एक इंजेक्शन द्यावं की नाही, यावर सर्जनांमध्येच मतभेद आहेत. तो निर्णय त्यांचा. पू झाला असेल, पित्तनलिकेत संसर्ग असेल, तर पूर्ण कोर्स लागतोच. म्हणून कोणीही हे पत्र वाचून चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. डॉक्टरांनाच विचारावं.

दोष एकट्या डॉक्टरांचा नाही. ‘जखम पिकली तर?’ ही भीती आपल्याकडे घराघरात आहे, आणि नातेवाईकच ‘जरा भारी गोळ्या लिहा’ म्हणून अडून बसतात. सेफिक्झाईम एच-१ यादीत, म्हणजे विक्रीची नोंद ठेवावी लागणाऱ्या औषधांच्या सरकारी यादीत, असल्याने विकताना आम्हाला रजिस्टरमध्ये रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव, औषध आणि किती दिलं हे लिहावं लागतं. ते कशासाठी दिलं, हे मात्र कुठेच नोंदलं जात नाही. खान्देशातल्या सर्जनांना माझी कळकळीची विनंती आहे: अँटिबायोटिक लिहिलंत तर त्याचं कारण कार्डावर एका ओळीत, मराठीत लिहा.

एक औषधविक्रेता, अमळनेर (जि. जळगाव)