मंत्रिमहोदय, घाटाच्या वर एक डोंगरही आहे

माननीय मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार. 2027 चा सिंहस्थ तोंडावर आलाय, आपण कामात बुडालेले असणार. तरी दोन मिनिटं काढून हे वाचावं. माझ्या उजव्या हाताला प्लास्टर आहे. मी सांगतोय, मुलगी टाइप करतेय. काही शब्द तिने सौम्य केलेत.

मागच्या श्रावणात त्र्यंबकला आपण माइकवरून सांगितलंत, ब्रह्मगिरीच्या पायऱ्या आणि कठडे पुढच्या पावसाळ्याआधी नीट होतील. टाळ्या मीही वाजवल्या. यंदा त्या भरवशावर वर गेलो. शेवाळलेल्या पायरीवरून पाय सटकला, कठडा धरला, तर पाइपच उपटून हातात आला. मनगट मोडलं. वर ना स्ट्रेचर, ना प्रथमोपचाराची पेटी, ना कुणी कर्मचारी. माकडं तेवढी ड्युटीवर होती. पिशवी पळवली, त्यात माझ्या बीपीच्या गोळ्या. मेटावरच्या, म्हणजे डोंगरातल्या वस्तीवरच्या, दोन पोरांनी मला धरून खाली आणलं, पैसे घेतले नाहीत. सरकारी दवाखान्यात एक्स-रेचं मशीन होतं, चालवणारा रजेवर. मग खासगी दवाखाना, प्लेट, स्क्रू, आणि बिल तर विचारूच नका. रात्री ठणका लागतो, झोप नाही. पायजम्याची नाडी बायकोला बांधावी लागते. आपल्या आढावा बैठकीत हा मुद्दा येणार नाही, म्हणून लिहितोय.

त्या पोरांचं मात्र ऐका. ब्रह्मगिरीवर पाऊस नुसता कोसळतो. पूर्वेचं पाणी गोदावरी होऊन 1,465 किलोमीटर बंगालच्या उपसागरापर्यंत जातं, पश्चिमेचं वैतरणेला मिळून मुंबईच्या नळांपर्यंत. आणि याच डोंगरावरच्या मेटघर किल्ला या गावच्या बायका विहिरीत उतरून पाणी भरतात, हे 2022 मध्ये अख्ख्या देशाने टीव्हीवर पाहिलं. तेव्हा पुढारी आले, फोटो निघाले. पोरं म्हणाली, उन्हाळ्यात अजून हंडेच.

राज्याचं निम्मं क्षेत्र गोदावरीच्या खोऱ्यात येतं. एवढ्या खोऱ्याच्या उगमाचा मान म्हणून काय केलं आपण लोकांनी? 2021 मध्ये पायथ्याशी डोंगर फोडल्याचं प्रकरण गाजलं. लोक रस्त्यावर उतरल्यावर सरकारला जाग आली. आता अंजनेरी ते ब्रह्मगिरी रोपवे, साडेपाच-सहा किलोमीटर म्हणे. कड्यांमध्ये गिधाडांची घरटी आहेत, हे ओरडून सांगणाऱ्यांना विकासविरोधी ठरवलं जातंय. धड कठडा उभा करता येत नाही आणि आकाशातून माणसं न्यायला निघालात!

पैसा नाही असं म्हणू नका. कुंभाचे हजारो कोटी रोज पेपरात वाचतो, आकडा दर आठवड्याला फुगतो. जातो कुठे? खाली, घाटावर, जिथे आपण शाही डुबकी मारणार तिथे. रामकुंडात असंच काँक्रीट ओतलं, झरे बुजले, मग ते उखडा म्हणून नागरिकांनाच झगडावं लागलं. आणि पाऊस कमी झाला की नाशिक विरुद्ध मराठवाडा, जायकवाडीला सोडा की सोडू नका. शेतकऱ्याला शेतकऱ्याशी भिडवायचं, आणि पाणलोटात झाड लावायचं ते फोटोपुरतं.

मागण्या दोनच. पायऱ्या-कठड्यांचं काम कुणाला दिलं, बिल किती निघालं, ते जाहीर करा. आणि मेटांवर पाणी द्या, टँकर नको, नळ. चौकशी केली तर एक खातं म्हणतं डोंगर आमचा, पायऱ्या त्यांच्या. दुसरं म्हणतं पायऱ्या आमच्या, कठडा त्यांचा. माहिती अधिकारात अर्ज टाकलाय. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर अपील, आणि मग एखाद्या आमदाराला गाठून अधिवेशनात तारांकित प्रश्न. तो आमदार विरोधी पक्षाचाच असेल. त्यांची सत्ता होती तेव्हा त्यांनीही अशीच पानं पुसली, ते पत्र वेगळं लिहितोय.

आपला,
एक करदाता, नाशिक