पवईच्या भिंतीवर रुपया काढा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हल्ली मुंबईत फ्लायओव्हरचे खांब, स्टेशनच्या भिंती, जिथे जागा दिसेल तिथे पेंटिंग होतंय आणि मला ते मनापासून आवडतं. वांद्र्याला २०१४ मध्ये एमटीएनएलच्या अख्ख्या बिल्डिंगवर दादासाहेब फाळके काढले तेव्हा लोक मुद्दाम बघायला जायचे. मग आपल्या खिशातल्या नाण्यावरचं रुपयाचं चिन्ह (₹) ज्याने डिझाइन केलं त्याच्यासाठी एक भिंत का नको?

डी. उदय कुमार मूळचे तामिळनाडूचे, पण ते चिन्ह त्यांनी केलं ते पवईच्या आयआयटीत शिकत असताना. देशभरातून तीन हजारांवर डिझाइन्स आली होती, त्यातून पाच फायनलला आणि १५ जुलै २०१० ला कॅबिनेटने यांचं निवडलं. आपला र आणि इंग्रजी आर एकत्र, वर शिरोरेषा, किती साधं आणि किती सुंदर! २०११ पासून ते नाण्यांवर आलं आणि आज भाजीवालीच्या पाटीवरसुद्धा आहे, पण पवईतल्या किती पोरांना माहितीये की हे आपल्या इथे झालं?

दुसरी भिंत फोर्टात हवी, टांकसाळीच्या आसपास. तिथे नाणी मोठी करून काढा आणि सालाच्या खालचा तो बारीक, पत्त्यांतल्या चौकटसारखा आकार ठळक दाखवा, कारण तीच मुंबईच्या टांकसाळीची खूण, हैदराबादचा तारा असतो, नोएडाचा ठिपका आणि कोलकात्याची काहीच खूण नसते. एकदा कळलं की माणूस प्रत्येक सुट्टे पैसे उलटून बघतो, खरंच.

आणि एक विनंती, २०१९ ची नाण्यांची जी नवी सिरीज आहे ती अहमदाबादच्या एनआयडीने (राष्ट्रीय डिझाइन संस्थेने) अंध व्यक्तींना हाताने ओळखता यावी म्हणून डिझाइन केलीये, वीसचं नाणं बारा कोनी आहे ते त्यामुळेच. तर ही नाणी नुसती रंगवू नका, सिमेंटमध्ये उठावाची करा, हात पोचेल एवढ्या उंचीवर, म्हणजे ज्यांच्यासाठी केली त्यांनाही बघता येतील. शेजारी डिझाइन करणाऱ्यांची नावं मराठीत मोठ्या अक्षरात लिहा. पालिकेने, आयआयटीने आणि जेजे कला महाविद्यालयाच्या मुलांनी मिळून हे मनावर घ्यावं.

आपली एक वाचक,
विक्रोळी