आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: पेशंटच्या डोळ्यांसमोर काय आहे?

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

स.न.वि.वि.

मी सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. नोकरी चालू आहे, म्हणून नाव लिहीत नाही. रुग्णालयांच्या भिंतींवर, छतांवर आणि खिडक्यांबाहेर काय असावं याचं एक नीट विचार केलेलं परिपत्रक आपण काढावं, एवढीच मागणी आहे. "औषधांची बोंब आणि ही बाई निसर्गचित्रं मागतेय" असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. औषधांसाठी आम्ही भांडतोच.

ऑपरेशनला नेताना पेशंट स्ट्रेचरवर आडवा असतो. आमचे चेहरे त्याला खालून, नाकपुड्यांच्या बाजूने दिसतात. बाकी सगळा वेळ छत. एकामागून एक सरकणाऱ्या ट्यूबलाइट, पंख्याच्या पात्यांवरची धूळ, ओलीने सुटलेला पोपडा. थिएटर रिकामं नसेल तर तो त्याच पोपड्याखाली पडून राहतो. "मन शांत ठेवा" असं आम्ही जाता जाता सांगतो. ते ठेवायचं कुठे, हे कोणी सांगत नाही. बाह्यरुग्ण विभागातही तेच. नंबर येईपर्यंत माणसासमोर सडलेल्या फुप्फुसाचं चित्र असतं, तुंबलेली रक्तवाहिनी असते, थुंकल्यास दंडाची पाटी असते आणि, राग मानू नका, आपला हसरा फोटो असतो.

रॉजर उलरिच या संशोधकाने 1984 साली 'सायन्स' या नियतकालिकात एक छोटासा अभ्यास छापला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशय काढलेल्या पेशंटच्या 1972 ते 1981 या काळातल्या नोंदी त्याने चाळल्या. वय, वजन वगैरे जुळवून 23 जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडांना पालवी असते तेवढ्याच महिन्यांतल्या नोंदी त्याने घेतल्या, हे मला फार आवडतं. झाडं दिसणारे पेशंट सरासरी 7.96 दिवसांत घरी गेले, भिंतवाले 8.70 दिवसांत. झाडं दिसणाऱ्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. पेशंट रडवेला आहे, त्याला खूप धीर द्यावा लागतो, अशा नोंदीही भिंतवाल्यांच्या कागदांवर जास्त सापडल्या. त्या नोंदी नर्सेसनी केलेल्या होत्या, बरं का. पाळी संपताना आम्ही जे घाईघाईने खरडतो आणि पुढे कुणी वाचत नाही, तेच.

एकूण 46 पेशंट म्हणजे काही मोठा आकडा नाही, हे मलाही कळतं. पण नंतरच्या कामातूनही दिशा साधारण तीच दिसली. रेचल आणि स्टीफन कॅपलन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने त्याचं एक कारण मांडलं. ठरवून, जोर लावून दिलेलं लक्ष थकतं. हलणारी पानं, वाहतं पाणी, सरकणारे ढग आपल्याला गुंतवतात, पण आपल्याकडून काही मागत नाहीत. तेवढ्या वेळात थकलेल्या लक्षाला विसावा मिळतो. मिशिगन विद्यापीठातल्या 2008 सालच्या प्रयोगात निसर्गाचे नुसते फोटो पाहिल्यावरही लोकांची एकाग्रता सुधारली, शहरी रस्त्यांचे फोटो पाहून सुधारली नाही.

पण म्हणून मिळेल ते चित्र टांगू नये. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या रुग्णालयात हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर पेशंटसमोर वेगवेगळी चित्रं ठेवून पाहिली. पाणी, झाडं आणि मोकळी नजर जाईल असं दृश्य ज्यांच्यासमोर होतं, त्यांची चिंता कमी राहिली. ज्यांच्यासमोर अमूर्त चित्र होतं, त्यांची चिंता कोरी भिंत पाहणाऱ्यांपेक्षाही जास्त निघाली. तेव्हा चित्रांची निवड उद्घाटनाच्या पाहुण्यांवर सोडू नका, कृपा करून. थिएटरकडे नेणाऱ्या बोळात चित्र छताला हवं. वॉर्डात ते पलंगावर पडलेल्या माणसाच्या नजरेच्या रेषेत हवं, त्याच्या डोक्यामागे नको. तिथलं चित्र फक्त भेटायला आलेल्यांना दिसतं.

आता भीती सांगते. हे वाचून कुणीतरी मोठमोठ्या स्क्रीनचं टेंडर काढेल. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या लोकांनी 2008 सालीच तपासलं आहे: जरासा ताण दिल्यावर हृदयाचे ठोके पूर्ववत व्हायला खऱ्या खिडकीची मदत झाली. तेच दृश्य थेट दाखवणारा प्लाझ्मा स्क्रीन मात्र कोऱ्या भिंतीइतकाच ठरला. म्हणजे आधी खिडकी, मग चित्र, स्क्रीन अगदी शेवटी. खिडक्यांना फासलेला रंग खरवडा, खिडकीला टेकवलेली मोडकी कपाटं हलवा, आणि वॉर्डसमोरचं झाड पार्किंगसाठी तोडण्याची फाइल आली तर सही करण्याआधी त्या वॉर्डातल्या पलंगावर एकदा पडून बघा. पुढे पेशंटला कंटाळा येतो म्हणून त्या स्क्रीनवर बातम्या लागतील, ते वेगळंच.

चित्रांनी सगळं होतं असंही मी म्हणत नाही. फुप्फुसात नळी घालून तपासणी करताना निसर्गाचं दृश्य आणि आवाज दिले तेव्हा पेशंटना वेदना सोसणं सोपं गेलं. चिंतेत मात्र फरक पडला नाही. नैराश्य किंवा पॅनिकच्या पेशंटला समुपदेशक लागतो, डॉक्टर लागतो. त्यांच्या रिकाम्या जागा निसर्गचित्रांनी भरल्या असं कागदावर दिसलं, तर हे पत्र मी मागे घेईन.

एक गोष्ट मात्र पैशाविना होते. ड्रेसिंग किंवा सुईच्या वेळी पेशंटला डोळे मिटून त्याच्या आवडीच्या एखाद्या जागी मनाने जायला सांगायचं. पण जागा त्याने निवडायची, आम्ही नाही. "समुद्रकिनाऱ्यावर आहात असं समजा" असं सांगताना समोरच्याच्या घरात कुणी बुडालेलं असेल, हे आम्हाला माहीत नसतं. म्हणून आधी विचारायचं: कुठे बरं वाटतं? मग तिथे वारा आहे का, पायाखाली काय आहे, वास कसला येतोय, असं हळूहळू विचारत न्यायचं. काहींना डोळे मिटल्यावर चित्र दिसतच नाही. त्यांना आवाजाबद्दल विचारावं. कुणाला डोळे मिटायचीच भीती वाटते, त्याला मिटायला लावू नये. एवढं शिकवायला अर्धा दिवस पुरेल. आमच्या प्रशिक्षणात तो अर्धा दिवस घाला. आणि आमच्या विश्रांतीच्या खोलीलाही एखादी उघडणारी खिडकी द्या, कारण रात्रपाळीनंतर आमचं लक्षही कुठे ना कुठे टेकायला हवं असतं.

सगळीकडे एकदम करू नका. शस्त्रक्रियेचा एकच वॉर्ड निवडा. वेदनाशामकं किती दिली याच्या नोंदी केसपेपरवर असतातच. बदलाआधीच्या आणि नंतरच्या नोंदी शेजारी ठेवून वाचायला एक माणूस नेमा. फरक पडला नाही तर तसंही जाहीर करा, आणि तेव्हाही खिडक्यांवर पुन्हा रंग फासू नका.

कळावे,
आपली,
एक परिचारिका