यकृताचे तुकडे गोळा करणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

तुमचं नाव त्या दिवशी विचारायचं राहून गेलं, त्याची रुखरुख अजून आहे. आम्हा गुरांच्या डॉक्टरांच्या बैठकीत तुम्ही मागच्या बाकावरून उठून बोललात. मेलेली गुरं टाकतात त्या जागांवर फिरून, गुरांच्या अंगात औषधाचा अंश आहे का हे तपासायला यकृताचे तुकडे कापायचे, बाटलीत भरायचे, चिठ्ठी लावायची, हे तुमचं काम. "हाताचा वास चार-चार दिवस जात नाही," असं सहज म्हणालात आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलात.

मी रायगडातला. लहानपणी गावाबाहेर ढोर टाकलं की दुपारपर्यंत गिधाडं उतरायची. मग ती दिसेनाशी झाली. आधी विषाणूचा संशय होता. तो धरून न बसता शोध चालू राहिला आणि 2004 मध्ये पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांवरून खरं कारण सापडलं: गुरांना टोचलेलं डायक्लोफेनॅक, म्हणजे दुखणं कमी करणारं औषध. ते अंगात असलेलं ढोर खाल्लं की गिधाडाचं मूत्रपिंड निकामी होतं. तुम्ही दाखवलेला शवविच्छेदनाचा फोटो मी विसरलेलो नाही. आतल्या अवयवांवर चुना फासल्यासारखा पांढरा थर होता, युरिक ॲसिडचा.

2006 मध्ये भारत, नेपाळ, पाकिस्तान तिन्हीकडे गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. पर्याय म्हणून मेलॉक्सिकॅम हे दुसरं वेदनाशामक होतं, तेही आधी गिधाडांना देऊन, सुरक्षित ठरवूनच. मला वाटलं, प्रश्न मिटला.

तुम्हा लोकांना तसं वाटलं नाही, आणि हे पत्र त्यासाठीच लिहितोय. बंदीनंतरही तुम्ही पुन्हा तुकडे गोळा केलेत. आधी दहाएक टक्के मेलेल्या गुरांत ते औषध सापडायचं, दोन वर्षांत प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. तेवढ्यावर पाठ थोपटून घेता आली असती. पण शंभरात एकाहूनही कमी ढोरांत ते विष असलं तरी गिधाडं संपायला पुरतं, हा हिशेब तुमच्यापाशी होता, आणि तो तुम्ही लपवला नाहीत. तुमच्यातलेच काही जण गिऱ्हाईक बनून औषधांच्या दुकानात गेले, जनावराच्या दुखण्यावर काही द्या म्हणाले. 11 राज्यांतल्या अडीचशेहून जास्त दुकानांपैकी 36 टक्के दुकानांत डायक्लोफेनॅक निघालं, बरंचसं माणसांसाठीचं.

माणसांच्या डायक्लोफेनॅकची ती 30 मिलीची बाटली मीही गुरांसाठी वापरली आहे. बंदीनंतर, दोन-तीनदा. स्वस्त पडायची, लंगडता बैल संध्याकाळी उभा राहायचा, मालक खूश व्हायचा. बैठकीत तुम्ही आकडे सांगत होतात तेव्हा मी मान वर केली नाही. तुम्ही कुणाकडे बोट दाखवलं नाहीत. फक्त म्हणालात, "मोठी बाटली आहे तोवर हे थांबणार नाही." 2015 मध्ये माणसांच्या इंजेक्शनची बाटली 3 मिलीची झाली. एका बैलाला पाच-पाच बाटल्या फोडायला कोण बसणार? उपदेशानं जे झालं नसतं ते असं झालं.

पुढे किटोप्रोफेन हे आणखी एक वेदनाशामक गिधाडांना मारतं हे कळलं, ॲसिक्लोफेनॅक या तिसऱ्याचं गुराच्या शरीरात डायक्लोफेनॅकच होतं हेही कळलं. 2023 मध्ये भारतात गुरांसाठी या दोन्हींवर बंदी आली. उशीर झाला, फार झाला. तरी नेपाळात गिधाडं सावरताना दिसतात, आणि आमच्या म्हसळ्याजवळ चिरगावच्या झाडांवर मी स्वतः घरटी पाहिली आहेत. त्या दिवशी तुमची फार आठवण आली.

दादा, मनापासून आभार. माझ्या नोंदवहीत आता एक रकाना वाढलाय: कोणतं इंजेक्शन, किती मिली, आणि जनावर दगावलं तर किती दिवसांनी. तुमच्यापैकी कुणी पुन्हा बाटल्या घेऊन इकडे आलं, तर वही तयार आहे. ढोर टाकायची जागाही मीच दाखवेन, सोबत येऊन.

आपला,
रायगडातला एक गुरांचा डॉक्टर