काउंटीच्या मागण्यांत शाळांचे सूत्र पहिले हवे

महोदय,

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील फेअरफॅक्स काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा विभाग) माझे कुटुंब अनेक वर्षे राहते आणि माझी दोन्ही मुले येथील सरकारी शाळांत शिकतात. दर वर्षी वसंतात काउंटीच्या अर्थसंकल्पावर सुनावण्या सुरू झाल्या, की ओळखीच्या मराठी कुटुंबांत मालमत्ता कराविषयी तक्रारी ऐकू येऊ लागतात आणि सारा दोष काउंटीचा कारभार पाहणाऱ्या निर्वाचित पर्यवेक्षक मंडळाला दिला जातो. त्या कराच्या मुळाशी असलेले निर्णय मात्र बव्हंशी राजधानी रिचमंडला, राज्याच्या विधिमंडळात होतात, आणि विधिमंडळाकडे काय मागायचे याची यादी काउंटीने त्याआधीच संमत केलेली असते. त्या यादीकडे आपले लक्षच जात नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

व्हर्जिनियात ‘डिलन नियम’ लागू आहे. आयोवाचे न्यायमूर्ती जॉन डिलन यांनी १८६८ मध्ये मांडलेल्या या तत्त्वानुसार, राज्याने कायद्याने दिलेले किंवा त्यातून अपरिहार्यपणे निघणारे अधिकारच स्थानिक संस्थेला वापरता येतात. शंका असेल तेथे निर्णय तिच्या विरोधात जातो. साडेअकरा लाख लोकवस्तीच्या काउंटीलाही यातून सूट नाही. दुकानातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीवर पाच सेंट कर बसवायचा, तर त्यासाठीही २०२० मध्ये विधिमंडळाला कायदा करावा लागला, तेव्हा कुठे १ जानेवारी २०२२ पासून आमच्याकडे तो कर सुरू झाला. उपाहारगृहांतील जेवणावरील कराचेही तसेच. शहरांना तो थेट लावता येत असे, पण काउंटीला त्यासाठी सार्वमत घ्यावे लागे, आणि २०१६ मध्ये फेअरफॅक्सच्या मतदारांनी तो नाकारला. ही अट राज्याने २०२० मध्ये काढली. उत्पन्नाचे मार्ग इतकी वर्षे असे अडलेले राहिल्यामुळेच काउंटीच्या सर्वसाधारण निधीचा सुमारे दोन-तृतीयांश भाग घरे आणि जमिनी यांवरील करातून येतो.

या निधीतील जवळपास निम्मा पैसा शाळांकडे जातो. व्हर्जिनियात शिक्षण मंडळांना स्वतःचा कर बसवता येत नाही, त्यामुळे राज्याकडून जे कमी पडते ते काउंटीलाच भरावे लागते. राज्य आपला वाटा ठरवताना प्रत्येक ठिकाणची ऐपत मोजते. मालमत्तेच्या मूल्याला ५० टक्के, रहिवाशांच्या उत्पन्नाला ४० टक्के आणि किरकोळ विक्रीला १० टक्के वजन देऊन एक निर्देशांक काढला जातो. फेअरफॅक्सचा निर्देशांक ०.६५च्या आसपास असतो. म्हणजे शाळांसाठी राज्याने आवश्यक ठरवलेल्या खर्चातील साधारण ६५ टक्के भार काउंटीवर येतो.

या निर्देशांकाविरुद्ध काउंटीने लढावे, असे माझ्या ओळखीतील अनेकांना वाटते. मला ते पटत नाही. राज्याच्या नैर्ऋत्येकडील डोंगराळ, रोजगार आटलेल्या काउंट्यांना अधिक मदत मिळणे न्याय्यच आहे, आणि संपन्न काउंटीने त्यांच्या वाट्यावर हक्क सांगितला तर विधिमंडळात तिला एकही मित्र उरणार नाही. खरी चूक त्याआधीच्या पायरीवर, ‘आवश्यक खर्च’ ठरवण्यातच आहे. विधिमंडळाच्याच लेखापरीक्षण आयोगाने २०२३ मध्ये दिलेला अहवाल सांगतो, की २०२०-२१ या वर्षी राज्याच्या सूत्रानुसार शाळांना सुमारे १ लाख १३ हजार कर्मचारी पुरेसे होते, तर प्रत्यक्षात १ लाख ७१ हजारांहून अधिक काम करीत होते. देशाच्या सरासरीच्या तुलनेत व्हर्जिनियातील शाळांना दर विद्यार्थ्यामागे १४ टक्के कमी निधी मिळतो, असेही त्यात नोंदवले आहे. या दोन आकड्यांमधील फरकाइतक्या कर्मचाऱ्यांचा पगार श्रीमंत-गरीब सर्वच काउंट्या स्वतःच्या तिजोरीतून देतात, आणि गरीब काउंटीला ते अधिक जड जाते. त्यानंतर काही दुरुस्त्या झाल्या, पण त्या तुकड्यातुकड्याने. ही मोजणी वास्तवाला धरून करून घेणे ही सर्व ९५ काउंट्यांना एकत्र आणू शकेल अशी मागणी आहे, म्हणून ती फेअरफॅक्सच्या यादीत अग्रभागी असावी आणि इतर काउंट्यांना सोबत घेऊन मांडली जावी.

शाळांच्या बांधकामासाठी एक टक्का विक्रीकराची मुभाही मागायला हवी. हॅलिफॅक्स काउंटीला ती २०१९ मध्ये मिळाली, पुढे आणखी मोजक्या ठिकाणांनाही मिळाली. सर्वांना ती देणारे विधेयक २०२४ मध्ये तत्कालीन राज्यपाल ग्लेन यंगकिन यांनी नकाराधिकार वापरून परत पाठवले. तरीही माझ्या मते ही मागणी दुसऱ्या क्रमांकाची आहे, कारण तिच्यातून इमारती उभ्या राहतील, शिक्षक नव्हे.

क्रमाचा एवढा आग्रह मी धरतो, कारण अधिवेशन फार लहान असते. ते जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारी सुरू होते. सम वर्षी ६० दिवस आणि विषम वर्षी ३० दिवस चालते, जे बहुधा ४६ पर्यंत वाढवतात. या काळात हजारो विधेयके आणि ठराव मांडले जातात. काउंटीच्या मागण्यांची यादी ज्या पुस्तिकेत असते, तिच्यात शाळांपासून रस्त्यांपर्यंत अनेक भूमिका असतात. त्या सर्व योग्य असल्या, तरी सर्वांवर सारखा जोर देणे शक्य नसते.

फेअरफॅक्समधून विधिमंडळावर निवडून गेलेले प्रतिनिधी जानेवारीच्या आरंभी काउंटीच्या मुख्यालयात जाहीर सुनावणी घेतात आणि तेथे कोणत्याही रहिवाशाला नाव नोंदवून बोलता येते. येत्या सुनावणीत मी कर्मचारी-मोजणीच्या या एकाच मुद्द्यावर बोलणार आहे. आपले वृत्तपत्र वाचणाऱ्या उत्तर व्हर्जिनियातील मराठी पालकांनी आपापल्या शाळेत किती शिक्षक काउंटीच्या पैशावर आहेत याची माहिती घेऊन यावे, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक पालक,
फेअरफॅक्स काउंटी, व्हर्जिनिया