देवबापा, त्या दुपारच्या झोपेबद्दल थँक्यू

देवबापा,

तुझ्याशी रोज बोलतेच, पण प्रार्थनेला बसलं की मागण्यांची यादी सुरू होते आणि थँक्यू शेवटी घाईघाईत उरकलं जातं, म्हणून म्हटलं यावेळी लिहूनच काढू. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तू काय केलंस याची साक्ष द्यायला उभे राहतात त्यांच्या साक्षी मोठ्या असतात, कुणी अपघातातून वाचलं, कुणाचं ऑपरेशन नीट झालं. माझी साक्ष काय, तर एका दुपारी मला चार तास झोप लागली. माईकवर सांगायची माझी हिंमत नाही.

बाबा गेल्यानंतर दीड महिना माझा डोळ्याला डोळा नव्हता हे तुला माहीतच आहे. रात्री दोन वाजता बायबल उघडून बसायचे. ७७ व्या स्तोत्रात ते रचणारा आसाफ तुला सरळ म्हणतो की तूच माझ्या पापण्या मिटू देत नाहीस, ते वाचलं आणि वाटलं, तुझ्याच पुस्तकात हे चालतं तर मी का गप्प बसू. मग मीही बोलले. चांगलीच भांडले तुझ्याशी, तू ऐकून घेतलंस.

माणसांनी मात्र ऐकलं नाही. रोमकरांस पत्र ८:२८, तेच ते देव सगळ्यातून भलंच घडवतो म्हणणारं वचन, मला इतक्या जणांनी पाठवलं की मोबाईल वाजला तरी धसका बसायचा. एकांनी सांगितलं विश्वास कमी पडतोय, उपास धर. एक ताई म्हणाल्या ख्रिस्ती माणसाने इतकं रडू नये, आपल्याला आशा आहे ना! अहो ताई, प्रेषित पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला पत्रात लिहिलं ते आशा नसलेल्यांसारखं दुःख करू नका असं, दुःखच करू नका असं कुठे लिहिलंय? आणि मित्र लाजर मेला तेव्हा त्याच्या कबरेपाशी येशू रडलाच की, आपण त्याला आता मेलेल्यातून उठवणार आहोत हे माहीत असून. मुलंबाळं, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र तरी बरे म्हणायचे, सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते, तोंड उघडलं तेव्हा घोटाळा झाला. आमच्याकडे सात मिनिटंही कुणाला धीर निघाला नाही.

आणि मग तू मावशींना पाठवलंस. उपासनेत मागच्या बाकावर बसतात त्या, माझी त्यांची ओळख हसण्यापुरती. गुडघे धरत धरत तीन जिने चढून आल्या, आत आल्या, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तू झोप गं, मी बसते इथे." बस्स. वचन नाही, प्रार्थना करूया का नाही, बाबांना काय झालं होतं हेही विचारलं नाही. खुर्ची ओढली, फोन बंद करून पर्समध्ये टाकला आणि खोलीत कोणीतरी जागं आहे एवढ्यावरच मी झोपले. उठले तेव्हा अंधार पडला होता, आठवडाभर पलंगावर साचलेल्या कपड्यांच्या घड्या झाल्या होत्या आणि उशाशी पाण्याचा तांब्या झाकून ठेवला होता.

तो तांब्या बघून मला एलीया आठवला आणि मी पुन्हा रडले, पण ते रडणं वेगळं होतं. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात तो ईजबेल राणीला भिऊन रानात पळाला, झुडपाखाली बसून म्हणाला आता पुरे, माझा जीव घे, आणि झोपला. कर्मेल डोंगरावर एवढा अग्नी उतरवणारा हा तुझा संदेष्टा असं बोलतोय तर तू त्याला झापायला पाहिजे होतंस ना? तू दूत पाठवलास, त्याने हात लावून उठवलं, उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी. खाऊन तो पुन्हा झोपला तरी काही बोलला नाहीस, दूत दुसऱ्यांदा आला तो पण खाणं घेऊनच. प्रश्न विचारलेस ते पुढे होरेब डोंगरावर, चाळीस दिवसांनी. किती वर्षं हा अध्याय वाचतेय, माझं लक्ष कायम तिथला वारा, भूकंप आणि तुझ्या त्या मंद वाणीकडे, भाकर आणि झोप मी सोडूनच द्यायचे.

(डॉक्टरांनाही दाखवलं, गोळ्या घेतल्या, त्याबद्दलही थँक्यू. गोळी घेणं म्हणजे अविश्वास असं म्हणणारेही भेटले, त्यांचं तू बघ.)

आता रोज पुरेशी झोप लागते असं नाही. पण लागली की सकाळी उठल्या उठल्या आधी तेच आठवतं. "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" म्हणताना पूर्वी गाडी पुढे पळायची, आता "आज" या शब्दावर थांबते, कारण रानात इस्राएली लोकांना आकाशातून दिलेलं अन्न, तो मान्नासुद्धा तू एरवी एका दिवसापुरताच द्यायचास, लोकांनी उद्यासाठी ठेवला तर किडे पडायचे.

एक राहिलंच. मावशींना मी थँक्यू म्हटलं तर त्या म्हणाल्या, मी काय केलं, नुसती बसले तर होते. त्यांना पटत नाही, म्हणून तुलाच सांगते. त्यांच्या गुडघ्यांचं तेवढं बघ, फार दुखतात.

तुझी,
मागच्या बाकावर मावशींशेजारी बसणारी